मुक्तस्रोत मीडिया प्लेअरमध्ये इंटरनेट रेडिओची केंद्रसूची : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. १२५१ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवरून होणारे त्याचे प्रक्षेपण जिल्ह्याच्या सीमेवर थांबणारे नव्हते. आजचा सांगली जिल्हाही १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. त्यामुळे श्रोत्यांच्या दृष्टीने हा एकच परिसर होता. पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले आणि जत तालुक्यात जालिहाळ येथे ‘येरळा वाणी’ हे केंद्र उभे राहिले. अशा केंद्रांना साधारणतः १०० वॅट एवढ्याच शक्तीची परवानगी असल्याने त्यांचा आवाज आसपासच्या काही गावांपुरता मर्यादित राहतो.

याच दुष्काळी पट्ट्यातील, म्हणजे माण, खटाव, खानापूर व आटपाडी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त देशभरच्या शहरांत विखुरलेली आहेत. सोने-चांदी शुद्ध करणाऱ्या या माणसांपर्यंत गावचे केंद्र लहरींद्वारे पोहोचू शकत नाही. इंटरनेटद्वारे मात्र पोहोचू शकते. ६४ किलोबिट प्रतिसेकंद गतीच्या ध्वनिप्रवाहास तासाला सुमारे २९ मेगाबाइट एवढाच डेटा लागतो. म्हणजे अडचण खर्चाची नाही, केंद्र सापडण्याची आहे.

सूची कोठून येते?

मीडिया प्लेअरमध्ये रेडिओ केंद्रे साठविलेली असतात, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः प्लेअर हा केवळ वाचक असतो. सूची अन्यत्र असते आणि ती कोणाच्या मालकीची आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. व्हीएलसी या प्रसिद्ध मुक्तस्रोत प्लेअरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून जन्मलेला हा प्लेअर २००१ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला झाला. त्यात शाउटकास्टची केंद्रसूची पाहण्याची सोय होती. तथापि शाउटकास्टची मालकी असलेल्या एओएल कंपनीच्या अटी मुक्तस्रोत परवान्याशी जुळणाऱ्या नसल्याने २०१० मध्ये ती सोय काढून टाकावी लागली. आइसकास्टची खुली निर्देशिका शिल्लक राहिली. परंतु तिच्यात आइसकास्ट सर्व्हर वापरणारी आणि आपली नोंद स्वतः पाठविणारी केंद्रेच येतात.

‘रेडिओ ब्राउझर’ हा लोकसहभागातून उभा राहिलेला माहितीसंच त्या मानाने अधिक सोयीचा ठरतो. त्यात नवी नोंद कोणासही करता येते आणि कोणत्याही प्रोग्रामला ती माहिती विनामूल्य मागता येते. प्लेअरमध्ये ही सोय जोडताना प्रथम डीएनएसद्वारे उपलब्ध सर्व्हर शोधावा लागतो, कारण एकाच सर्व्हरचा पत्ता प्रोग्राममध्ये कायमचा लिहिल्यास तो बंद पडताच सूचीही नाहीशी होते. नंतर देश, भाषा किंवा खूणशब्द देऊन विचारणा करावयाची. उत्तर जेसन स्वरूपात मिळते. ही विचारणा पडद्यावरील इतर कामांपासून वेगळी ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा जाळे मंद असेल तेव्हा संपूर्ण प्लेअर गोठल्यासारखा दिसतो. बंद पडलेली केंद्रे वगळण्याची सूचनाही विचारणेतच देता येते, कारण सर्व्हर प्रत्येक प्रवाहाची वेळोवेळी तपासणी करतो.

मिळालेला पत्ता दर वेळी थेट ध्वनीचा नसतो. तो पुष्कळदा एम३यू अथवा पीएलएस प्रकारच्या छोट्या फाइलचा असतो आणि तिच्यात खरा पत्ता दिलेला असतो. ती उलगडण्याचे काम प्लेअरने करावयाचे असते.

स्थाननामाचा प्रश्न

खरी अडचण पुढेच आहे. या माहितीसंचात देश आणि राज्य यांसाठी रकाने आहेत, जिल्ह्यासाठी नाही. अक्षांश-रेखांशाची सोय आहे, पण ती ऐच्छिक. परिणामी ‘सांगली’ हा शब्द केंद्राच्या नावात किंवा खूणशब्दांत असेल तरच शोधात सापडतो. कोणी तो रोमन लिपीत लिहितो, कोणी देवनागरीत. आणि संगणकाच्या लेखी हे दोन निरनिराळे शब्द होत. भाषेच्या रकान्यात मराठीऐवजी अनवधानाने हिंदी लिहिले गेले, तर केंद्र चालू असूनही मराठी सूचीतून ते अदृश्य होते. कोइमतूरमधील गलाई व्यावसायिकास ते केंद्र बंद पडले असेच वाटणार. प्लेअर लिहिणाऱ्याने दोन्ही लिप्यांतून एकाच वेळी शोध घेण्याची व्यवस्था केल्यास हा दोष बराचसा दूर होतो.

लिपीचा दुसरा अडथळा गीताच्या नावाबाबत आहे. शाउटकास्ट पद्धतीत प्लेअरने मागणी केल्यास ठरावीक बाइट्सनंतर ध्वनिप्रवाहातच गीताचे नाव घातले जाते. ते कोणत्या अक्षरसंकेतात असावे, याचा पक्का नियम मात्र नाही. यूटीएफ-८ मधील देवनागरी नाव प्लेअरने लॅटिन समजून वाचले, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. इंग्रजी गीतांवर चाचणी घेणाऱ्या प्रोग्रामरच्या हा दोष कधीच लक्षात येत नाही. यास्तव यूटीएफ-८ प्रथम तपासून पाहावे आणि ते न जुळल्यासच अन्य संकेताकडे वळावे.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. अशा गटांना हे काम प्रकल्प म्हणून पेलण्याजोगे आहे. त्यातील प्रोग्राम लिहिण्याचा भाग लहानच आहे. अधिक वेळ लागेल तो दोन्ही जिल्ह्यांतील केंद्रांकडे जाऊन त्यांचा प्रवाह इंटरनेटवर आहे किंवा कसे, त्याचा नेमका पत्ता कोणता आणि नोंद कोणत्या नावाने झाली आहे, हे पडताळून पाहण्यास.