'थंड रक्ता'ची गरम गोष्ट

खुनाच्या इंग्रजी बातमीत 'कोल्ड-ब्लडेड' हे विशेषण हमखास भेटते. मराठीत आपण 'थंड डोक्याने केलेला खून' म्हणतो. इंग्रजीने हा थंडपणा रक्तात नेला, त्याचे मूळ जुन्या ग्रीक वैद्यकात. रक्त मुळातच उष्ण, ते तापले की माणूस रागावतो, अशी तेव्हाची समजूत. आपलेही रक्त खवळते, उसळते. तेव्हा ग्रीकांना फार हसायला नको. ज्याचे रक्त तापतच नाही तो निष्ठुर, असा हिशेब. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'मध्ये ऑस्ट्रियाच्या दगाबाज ड्यूकला याच विशेषणाने झोडपले आहे.

पुढे 1758 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने प्राण्यांची वाटणी करताना सस्तन प्राणी आणि पक्षी उष्ण रक्ताचे ठरवले. साप, सरडे, बेडूक, मासे थंड रक्ताचे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'शीतरक्ती' याच घराण्यातला.

पण हे रक्त थंड असतेच असे नाही. अमेरिकी वाळवंटातला डेझर्ट इग्वाना हा सरडा दिवसा अंगाचे तापमान 38 ते 40 अंश सेल्सिअस राखतो, म्हणजे तुमच्या-आमच्यापेक्षा गरमच. आपण उष्णता अन्न जाळून अंगातच तयार करतो, तो ती उन्हातून घेतो, एवढाच फरक. कोवळ्या उन्हात कुंपणावर बसलेला सरडा जरा निरखून पाहा. अंग चपटे करून तो पाठ उन्हाकडे धरतो. पुरेसे तापले की सावली गाठतो. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने त्याचे फारच थोडक्या अन्नात भागते.

1970च्या दशकात संशोधक मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी याच इग्वानांना जिवाणूंची लागण केली. आजारी इग्वाना नेहमीपेक्षा गरम जागा शोधू लागले. त्यांनी चक्क स्वतःला ताप आणला! कमी तापमानात ठेवलेले इग्वाना जास्त संख्येने दगावले.

आपल्याकडचा अजगर तर त्याहून बिलंदर. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि स्नायू आखडून स्वतःची ऊब तयार करते. 2015 मध्ये तर ओपा नावाचा मासा सगळ्या शरीरात गरम रक्त खेळवतो, हे उघड झाले.

जीवशास्त्रज्ञ आता उष्णता आतून येते की बाहेरून, एवढेच विचारतात. पाठ्यपुस्तकांनीही 'शीतरक्ती'ला निवृत्त करावे.