लाल कूज, उसाची : प्रतिकारक्षमतेची चाचणी
कोलेटोट्रिकम फाल्केटम या कवकामुळे होणारा हा रोग उसाच्या आतील भागात वाढतो व केवळ फवारणीने आटोक्यात येत नाही. म्हणून रोगप्रतिकारक जात निवडणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय. चाचणीच्या एका पद्धतीत उभ्या उसाच्या कांड्याला छिद्र पाडून त्यात कवकाच्या बीजुकांचे पाणी सोडतात व छिद्र बंद करतात. सु. ६० दिवसांनी ऊस उभा चिरून लाल पट्ट्याची रुंदी, त्यातील पांढरे डाग, रोगाने ओलांडलेली पेरे व शेंड्याची स्थिती यांवरून ० ते ९ गुण देतात. २ पर्यंत गुणांची जात प्रतिकारक, तर ८ हून अधिक गुणांची अत्यंत रोगग्राह्य समजतात. छिद्रामुळे सालीचा नैसर्गिक अडथळा टळतो. म्हणून पेराभोवती बीजुकांच्या पाण्यात भिजविलेला कापूस बांधूनही चाचणी घेतात.

कवकाचे नवे प्रकार उद्‌भवत असल्याने असा निष्कर्ष कायम टिकत नाही. २००९ मध्ये प्रसारित झालेली को ०२३८ ही जात उत्तर प्रदेशात पुढे याच रोगाला मोठ्या प्रमाणावर बळी पडली. यामुळे नव्या प्रकारांविरुद्ध प्रचलित जातींचीही पुनःपुन्हा परीक्षा घ्यावी लागते.