सरांची नजर आणि कॅमेऱ्याचा डोळा



भातकापणी होऊन शेते मोकळी झाली की आपल्या किलवणी परिसरात बॅट-बॉल बाहेर निघतात. हल्ली त्यांच्याबरोबर आणखी एक वस्तू मैदानात येते, ती म्हणजे मोबाइल. मुलगा फलंदाजी करतो, बाबा चित्रण करतात आणि रात्री जेवताना वाद रंगतो. "बघ, तुझा पाय पुढे गेलाच नाही!" "पण बाबा, सर तर म्हणाले होते की पाय बरोबर होता!" अशा वेळी मानायचे कोणाचे? ज्याने स्वतः मैदान गाजवले आहे त्याचे, की कॅमेऱ्याचे?

आधी थोडे गणित करू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत साधारण ०.४५ सेकंदात पोहोचतो. शाळकरी गोलंदाजाचा ताशी ९० किलोमीटरचा चेंडूही पाऊण सेकंदाच्या आत येतो. एवढ्या वेळात आपण काय केले, हे स्वतः खेळणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

याचा पुरावा आहे. "चेंडू बॅटवर येईपर्यंत नजर हलवू नकोस," असे प्रत्येक जाणता खेळाडू सांगतो. इंग्लंडमधील मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारा छोटा कॅमेरा वापरला. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. चेंडू सुटताना फलंदाज त्याकडे पाहतो खरा, पण मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून टप्पा पडणार त्या जागेवर आधीच उडी मारते. तरबेज फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेते. म्हणजे मोठे खेळाडू खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांना जे जाणवते ते ते सांगतात. कॅमेरा जे घडते ते दाखवतो. या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग उत्तम शिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असावेच लागते का? आपल्यासमोर रमाकांत आचरेकर सरांचे उदाहरण आहे. मालवणात जन्मलेले सर प्रथम श्रेणीचा फक्त एकच सामना खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे घडले. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. १९८४ साली ११ वर्षांचा सचिन पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिला, तेव्हा तो बावरला आणि त्याला खेळताच येईना. थोरले बंधू अजित यांनी सरांना विनंती केली की तुम्ही निघून गेल्यासारखे दाखवा आणि दुरून झाडाआडून पाहा. मुलगा मोकळा झाला, खेळला, आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. सरांचे खरे भांडवल होते पाहण्याचे. केव्हा पाहावे, कुठून पाहावे आणि पाहिल्यावर काय बोलावे, हे त्यांना कळत होते.

अमेरिकेत बेसबॉलमध्येही हेच दिसते. चार्ली लाउ स्वतः बेताचेच फलंदाज होते, पण चित्रफिती बारकाईने पाहून ते फलंदाजीचे नामांकित प्रशिक्षक झाले. त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट याने १९८० साली ०.३९० अशी सरासरी गाठली, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३९० यशस्वी फटके! दुसरीकडे टोनी ग्विन हा अव्वल खेळाडू १९८३ पासून स्वतःच्या फलंदाजीच्या फिती पाहू लागला. पत्नी घरी चित्रण करून ठेवी. त्याने आठ वेळा आपल्या लीगमध्ये सरासरीचा पहिला क्रमांक पटकावला. फीत पाहताना त्या फटक्याच्या वेळी आपल्याला काय वाटत होते, हे त्याला ठाऊक असे. म्हणूनच त्या फितीचा त्याला उपयोग झाला.

कॅमेऱ्याला मर्यादाही आहेत. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू दोन चित्रांच्या मध्ये ८० सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकतो. त्यामुळे बॅटला चेंडू लागण्याचा क्षण बहुधा निसटतोच. बाजूने घेतलेल्या चित्रात पाय दिसतो, पण चेंडूची दिशा कळत नाही. समोरून घेतले तर उलट होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेऱ्याला कारण दिसत नाही. मागच्या आठवड्यात बरगडीवर चेंडू लागलेला मुलगा पाय मागे खेचतो. चित्रात चुकलेला पाय दिसतो, पण खरी अडचण असते भीतीची. त्याला शंभर वेळा "पाय पुढे टाक" म्हणून काय उपयोग? त्याला आधी मऊ चेंडूवर खेळवून धीर द्यायला हवा. ज्याने स्वतः असा मार खाल्ला आहे, त्याला हे चटकन उमगते. आणि ज्याला मुलाला विचारण्याची सवय आहे, त्यालाही उमगते.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात.

विद्यार्थ्यांनी दहा चेंडू खेळावेत, काय जाणवले ते आधी वहीत लिहावे आणि मगच चित्रण पाहावे. दोन्हींत फरक आढळला, तर तो सरांना दाखवावा.

पालकांनी एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. चांगले फटकेही आवर्जून दाखवावेत. हरलेल्या सामन्याच्या रात्री मोबाइल बाजूला ठेवावा. दुसऱ्यांच्या मुलांचे चित्रण त्यांच्या पालकांना विचारूनच करावे.

विश्वस्त मंडळींनी प्रशिक्षक निवडताना "किती सामने खेळलात?" एवढेच विचारू नये, आणि महागड्या यंत्रांच्या यादीवरही भुलू नये. उमेदवाराला एका मुलाची फलंदाजी अर्धा तास पाहू द्यावी आणि मग विचारावे: "या मुलाला उद्या कोणती एकच गोष्ट सांगाल, आणि का?" जो उत्तर देण्याआधी त्या मुलाशी दोन शब्द बोलेल, त्याच्या हाती आपली मुले निःशंकपणे सोपवावीत.