अकरा नावं, पाच माणसं

२०१२ साली मी आमच्या इतिहास संशोधन मंडळाचा कार्यवाह झालो, तेव्हा विश्वस्तांच्या यादीत अकरा नावं होती. त्यातले दोघे वारले होते, एक मुलाकडे अमेरिकेत, तिघं कधीच न येणारे. उरले पाच. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकवर मात्र अकराही जण ठणठणीत होते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्याकडे तो कोणी दिलाच नव्हता. परिणामी बँक सह्या बदलून देईना, आणि कपाटांना वाळवीचं औषध मारायचे पैसे काढायला एका दिवंगत माणसाची सही लागणार, अशी वेळ आली. जुने अर्ज निस्तरण्यातच माझी पहिली दोन वर्षं गेली.

गाव कृष्णाकाठचं. दप्तरखान्यात मोडीचे रुमाल, काही पोथ्या, दोन-चार ताम्रपट. असल्या संस्थेवर विश्वस्त कसे येत? पत्राच्या कागदावर छापायला नाव शोभलं पाहिजे, ही पहिली अट. एक आमदार, एक साखर कारखान्याचे अध्यक्ष, एक माजी प्राचार्य, एक जुन्या सरदार घराण्यातले. बैठकीत कुणीतरी नाव सुचवायचं, कुणीतरी ‘अनुमोदन’ म्हणायचं, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ पडायचं. त्या माणसाला आधी विचारलंय का, हा प्रश्न चहा आल्यावर निघायचा.

ही खोड आमचीच होती असं नाही. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या जोडीतून: एकाकडे विद्येचा ध्यास, दुसऱ्याकडे वाडा आणि वजन. जोडी नामी होती. पण राजवाड्यांचं पुढे मंडळाशी बिनसलं, ते धुळ्याला राहिले आणि १९२६च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. त्यांच्या दप्तरासाठी तिथे नवं मंडळ उभं राहिलं. पुण्यातलीच भांडारकर संस्था ६ जुलै १९१७ला सुरू झाली तेव्हा अध्यक्षपदी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. त्या काळी ते गरजेचंच होतं. पण तिथली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला हाती घेतली ती १९६६ला पुरी झाली. तेवढ्या काळात सुकथनकर, मग बेलवलकर, मग वैद्य असे संपादक बदलले आणि काम पुढे चाललं. संपादकाचा वारसदार शोधताना आपण पाठभेदाची जाण तपासतो, हस्तलिखितावरचा हात बघतो. विश्वस्त निवडताना मात्र पत्रिका जुळवल्यासारखं घराणं बघतो. हे मला आजही खटकतं.

२०१५ साली आम्ही पहिल्यांदा उलट बाजूने सुरुवात केली. आधी कामं लिहून काढली: हिशेब बघणारा, कायदा जाणणारा, इमारतीतलं कळणारा आणि मोडीचा एक जाणकार. वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लावली, स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. तीन अर्ज आले. एका गृहस्थांना आपल्या घराण्याची वंशावळ मंडळाच्या खर्चाने छापून हवी होती. दुसऱ्यांनी भत्ता किती ते विचारलं. तिसऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, इतिहासाशी संबंध शाळेपुरता. आमच्यातल्या दोघांनी नाक मुरडलं. तरी त्यांनाच घेतलं.

पहिल्याच बैठकीत बाईंनी ताळेबंद उघडला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “किरकोळ खर्चात काय काय येतं हो?” खोलीत शांतता. तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शोधल्यावर निघाले चहा, हार-नारळ, टॅक्सीभाडं, आणि एक ओळ ‘डांबरगोळ्या’. म्हणजे ज्या कागदांसाठी संस्था काढली, त्यांच्या जपणुकीचा खर्च किरकोळात, आणि पाहुण्यांच्या शालींना स्वतंत्र खातं. पुढच्या वर्षी खाती फिरली. आमदारसाहेबांच्या पत्राने जे झालं नसतं, ते एका प्रश्नाने झालं.

ऑगस्ट २०१९चा पूर आला. पाणी पायरीला लागलं तसे सगळ्यांना फोन लावले. एक विश्वस्त म्हणाले, “फोटो पाठवा, वरती बोलतो.” दुसरे, तालुक्यातल्या शाळेतले शिक्षक, पुतण्याचा ट्रॅक्टर घेऊन हजर. रात्री दोनपर्यंत आम्ही रुमाल माडीवर चढवले. खालच्या फळीवरची काही बाडं भिजली ती भिजलीच. ती पुढे महिनाभर टिपकागदात ठेवून वाळवली. त्या रात्री कोण आलं आणि कोण नाही, याची मनात झालेली नोंद इतिवृत्तात कुठेच नाही.

करोनाच्या वर्षात बैठका फोनवर झाल्या, आणि मग कागदांचा पाऊस पडला. आयकराची नोंदणी नव्याने, सगळ्यांचं पॅन, सगळ्यांचं आधार. आठवड्याला एक कागद द्यायलाही ज्यांना वेळ नव्हता, अशा दोघांनी त्यात आपणहून राजीनामे दिले. सरकारी फॉर्मचा आम्हाला झालेला हा एकच फायदा.

एक गोष्ट जमली नाही. आमच्या घटनेत पाच वर्षांची मुदत आहे, पण माझे गुरुजी पंचवीस वर्षं खुर्चीवर होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, बैठकीत झोप लागायची. त्यांना ‘आता पुरे’ म्हणायची माझी छाती झाली नाही. ‘मार्गदर्शक’ असं पद काढलं. ते मुकाट्याने तिकडे बसले. पुढच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तर म्हणाले, “पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस.”

मी २०२४ला कार्यवाहपद सोडलं. आज अकरापैकी आठ जण बैठकीला येतात. कुणाचं नाव आमच्या गावाबाहेर माहीत नाही. परिशिष्ट एक आता खरं आहे. मार्चअखेर तीन जागा रिकाम्या होत आहेत. मोडी येत नसली तरी चालेल. ताळेबंद वाचता येत असेल, आणि पावसाळ्यात एकदा तरी दप्तरखान्यात येऊन खालची फळी बघायची तयारी असेल, तर कार्यालयात चिठ्ठी टाकून जा. रविवारी दहा ते बारा उघडं असतं.