घोडा पाहावा गुरांसमोर

अमेरिकेत टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला साधारण पन्नास किलोमीटरवर वेदरफोर्ड नावाचं गाव आहे. ‘कटिंग’ घोड्यांची राजधानी म्हणून ते ओळखलं जातं. कळपातून एक जनावर वेगळं काढायचं आणि त्याला पुन्हा कळपात शिरू द्यायचं नाही, हे या घोड्याचं काम. कुंपण नसलेल्या कुरणांच्या काळात गुराख्यांची ही रोजची गरज होती, आज ती स्पर्धा झाली आहे. वेळ अडीच मिनिटं. तेवढ्यात किमान दोन जनावरं काढायची, त्यातलं एक तरी कळपात खोल शिरून. जनावर बाहेर आलं की स्वार लगामाचा हात खाली सोडतो. त्यानंतर लगाम ओढून घोड्याला वळवलं तर गुण कापले जातात. म्हणजे जनावर कुठे वळणार हे घोड्यानेच ओळखायचं असतं. ही जाण ना कागदावर दिसते, ना तबेल्यात. म्हणून अशा घोड्याची खरेदी-विक्री त्याच्याच मुलखात, गुरं समोर ठेवून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

बाजाराचा ओढा मात्र कागदाकडे आहे, आणि त्याला कारण आहे. १९६२ साली सुरू झालेली ‘फ्युच्युरिटी’ ही या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा. तीत आधी कुठल्याही स्पर्धेत न उतरलेले तीन वर्षांचे घोडेच धावतात. साहजिकच लिलावात वर्षा-दीड वर्षाची शिंगरं विकली जातात, ज्यांच्या पाठीवर अजून खोगीरही चढलेलं नसतं. मग बोली लागते ती वंशावळीवर. वंशावळ खोटी असते असं नाही. १९८२ ची फ्युच्युरिटी जिंकलेल्या स्मार्ट लिटल लीनाची संततीही गुरांसमोर तशीच चमकली. पण ज्या रक्ताने गुण दिले त्यानेच दुखणंही दिलं. पोको ब्यूनो या नामांकित घोड्याच्या वंशातून ‘हर्डा’ हा आनुवंशिक आजार पसरला. त्यात कातडी सैल पडते आणि फाटते. बहुतेकदा ते कळतं दोनेक वर्षांच्या वयात, पाठीवर खोगीर चढू लागल्यावर. आई आणि बाप दोघेही वाहक असले तरच शिंगराला आजार होतो, वाहक घोडा स्वतः धडधाकट असतो. नावाजलेलं रक्त पुन्हा पुन्हा एकत्र आणण्याच्या हव्यासाने हा धोका वाढवला. आज जनुकीय चाचणी सहज होते. ती न पाहता पैदाशीची घोडी घेणं हा निव्वळ निष्काळजीपणा.

हल्ली चित्रफीत पाहूनही सौदे होतात, आणि लांबच्या गिऱ्हाइकाला ती सोय वाटते. पण चित्रफितीत विकणाऱ्याने निवडलेली दोन मिनिटं असतात. सरावाला दोरीवर इकडून तिकडे सरकणारं निशाण वापरतात. त्यासमोर सुरेख वळणारा घोडा बिथरलेल्या कालवडीसमोर गोंधळू शकतो, कारण निशाण कधी अंगावर येत नाही. वेदरफोर्डच्या परिसरात प्रशिक्षक, गुरं, रिंगण आणि घोड्यांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे घोडा थंड अंगाने बाहेर काढायला सांगता येतं, वेगवेगळ्या जनावरांवर पाहता येतो, स्वतः बसता येतं. थांबताना तो मागच्या पायांवर बसतो की पुढच्या पायांवर आदळतो, एका बाजूला वळायला कुचरतो का, हे जवळूनच दिसतं. मागच्या सांध्यांवर सगळा भार येतो, म्हणून क्ष-किरण तपासणीही तिथलीच हवी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे संगनमतही सोपं असतं. प्रशिक्षक आणि दलाल एकच असला, तर तो नेमका कुणाच्या बाजूने बोलतो ते नवख्याला कळत नाही. हा धोका मी नाकारत नाही. पण लांबून खरेदी केल्याने दलाल टळत नाही, फक्त डोळ्यांआड होतो. शिवाय घोडा त्याच परिसरातल्या रिंगणात उतरत राहतो, त्यामुळे लपवलेली खोड महिन्या-दोन महिन्यांत चारचौघांत उघडी पडते आणि विकणाऱ्याचं नाव जातं. तेव्हा घेणाऱ्याने घोडा तिथेच पाहावा, पण डॉक्टर विकणाऱ्याचा नेहमीचा नसावा, औषध देऊन दुखणं दाबलेलं नाही ना यासाठी रक्त तपासून घ्यावं, आणि दलाली कोण कुणाकडून किती घेतो ते इसार देण्याआधी लेखी मागावं.