चेक इंजिनचा दिवा लागला, आता काय?

आजचा एपिसोड मीटरवरच्या त्या पिवळ्या दिव्याबद्दल, जो लागला की पोटात गोळा येतो. चेक इंजिन लाइट.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या गाडीत हा दिवा लागला. चढावर गाडी धक्के देत होती. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला पी०३०१. त्यांनी चारही इंजेक्टर साफ केले, कोड उडवला, बिल हातात दिलं. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर! मग म्हटलं, ऑफिसात रोज बग शोधतो, इथेही शोधून बघू.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कोड ही तक्रार आहे, निदान नाही. थर्मामीटर ताप १०२ आहे एवढंच सांगतो. मलेरिया की डेंग्यू, ते शोधावं लागतं.

आता पी०३०१ उलगडून बघू. 'पी' म्हणजे पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू. तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर. शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. थोडक्यात, पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळतं कसं? प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक ढकल मिळते. एक ढकल चुकली की शाफ्ट क्षणभर मंदावतो, आणि सेन्सर ते पकडतो. पण कारण स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर की कमी कॉम्प्रेशन, हे त्याला माहीत नसतं.

कोड वाचायला स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा ॲडॅप्टर लावा, मोबाइलवर ॲप उघडा. आणि प्लीज, लगेच 'क्लिअर' दाबू नका! आधी 'फ्रीझ फ्रेम'चा स्क्रीनशॉट घ्या. कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, वेग किती, हे सगळं त्यात असतं. क्लिअर केलं की तेही जातं. म्हणजे बग तसाच आणि लॉग डिलीट.

मग मी काय केलं? इंजिन थंड होऊ दिलं, इग्निशन बंद केलं, आणि पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची पहिल्यावर लावली. (पहिला सिलिंडर कुठला, ते मॅन्युअलमध्ये बघा.) कोड क्लिअर करून एक चक्कर मारली. नवीन कोड आला पी०३०२! कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड पी०३०१च राहिला असता, तर पुढचा नंबर प्लगचा, मग इंजेक्टरचा, मग कॉम्प्रेशन टेस्टचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

हाच नियम पी०४२० ला. त्याचा अर्थ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेइतकं काम करत नाहीये. कन्व्हर्टर महाग असतो, म्हणून बदलायच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती आहे का आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर बरोबर वाचतोय का, ते तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते, पण त्याच वेळी टेम्परेचर किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या.

बाबांच्या गाडीचं काम शेवटी एका कॉइलवर भागलं. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी म्हणालं, "कोड आलाय, हा पार्ट बदलावा लागेल," तर शांतपणे एवढंच विचारा: "दादा, टेस्ट कुठली केली?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!