‘अमान्य संख्या’ ते नेमकी ओळ

डेटाबेसमध्ये मजकुराचे संख्येत किंवा तारखेत रूपांतर होताना अडथळा आला, तर कोणते मूल्य, कोणत्या रकान्यातील आणि कितव्या ओळीतील, या तीन गोष्टींचा खुलासा काम करणाऱ्यास हवा असतो. तो त्याच्या पदरी पडावयास मात्र कित्येक वर्षे लोटली.

ओरॅकल या डेटाबेस प्रणालीचा ०१७२२ क्रमांकाचा त्रुटिसंदेश दीर्घकाळ ‘अमान्य संख्या’ एवढेच सांगून थांबत असे. लक्षावधी नोंदींच्या दप्तरात एखाद्या रकमेत स्वल्पविराम राहून गेलेला असो, की शून्याच्या जागी रोमन लिपीतील ‘ओ’ पडलेला असो, सदोष नोंद हुडकण्यासाठी त्या दप्तराचे निम्मे-निम्मे भाग करून ते पुनःपुन्हा तपासण्याचे कष्ट माणसासच उपसावे लागत. मायएसक्यूएलची रीत याहून घातक होती. अंकांच्या रकान्यात शब्द आला, तर तेथे शून्य लिहून केवळ इशारा दिला जाई, आणि २०१५ च्या ५.७ आवृत्तीत कडक शिस्त हाच मूळ नियम ठरला, तेव्हा कोठे असा मजकूर नाकारला जाऊ लागला.

या मौनाचे मूळ रचनेत होते. रूपांतर करणारे फंक्शन यंत्रणेच्या तळाशी असते. त्याच्या हाती केवळ मूल्य येते, ते कोणत्या तक्त्यातून आले याची त्यास वार्ता नसते, म्हणून तो तपशील वरच्या थरांनी जोडावा लागतो. पोस्टग्रेसच्या ‘कॉपी’ या आयातीच्या आज्ञेने हे उत्तम रीतीने साधले. केवळ इंग्रजी अंक स्वीकारणाऱ्या पूर्णांकाच्या रकान्यात देवनागरी ‘१२५’ आले, तर ती अक्षरे, ओळ आणि रकाना यांसह, जशीच्या तशी समोर येतात व मराठी माणसास दोष तत्क्षणी उमगतो. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीने मूल्य ग्राह्य आहे की नाही याची आगाऊ शहानिशा करण्याची सोय दिली. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीने सदोष ओळी वगळून आयात पुरी करण्याची, आणि वगळलेल्या प्रत्येक ओळीचा तपशील नोंदविण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ओरॅकलच्या २३एआय आवृत्तीतील संदेशही रूपांतर न झालेल्या मजकुराचा निर्देश करू लागला.

अशा मूल्यांत कोणाची खासगी माहिती असू शकते, म्हणून त्रुटींच्या नोंदी जपून ठेवणे अगत्याचे आहे. परंतु त्या सबबीवर तपशीलच दडपणे न्याय्य नव्हे. मजकूर नाकारण्याचा अधिकार ज्या प्रणालीस आहे, तिने नाकारण्याचे कारण दाखल्यानिशी सांगितले पाहिजे. नव्या प्रणाली रचणाऱ्यांनी आपल्या पहिल्याच त्रुटिसंदेशात मूल्य, रकाना आणि ओळ या तिन्हींचा उल्लेख करावा, एवढीच विनंती.